फिलीगाचा सुंभ आणि मंत्र्याचं डोकं

फिलीगा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमच्या बेटावरच्या आपिया बंदराच्या धक्क्यावर आम्ही एकाच टोळीत एकोणतीस वर्षं काढली. आधी खोबऱ्याच्या गोण्या, मग सिमेंटच्या. मग लोखंडी कंटेनर आले आणि टोळीच उरली नाही. टोळीत हाळी द्यायचं काम फिलीगाचं. उचलायचा तोही, पण हाळी त्याची. हाळी देण्याआधी तो थांबायचा. स्वतः पुरता श्वास भरायचा, सगळ्यांचा भरून होईपर्यंत वाट बघायचा, आणि मगच शब्द काढायचा. नव्याने आलेल्याला ते थांबणं लांबलचक वाटे. श्वास न भरता उचललेली गोणी पाठीवर येते, भरून उचललेली पायांवर जाते, हे दोन दिवसांत कळे. एकोणतीस वर्षांत आमच्या टोळीत कुणाची पाठ गेली नाही. शेजारच्या टोळीत चौघांची गेली.

हे आधी सांगितलं, कारण पुढे याच थांबण्यावर सगळा देश बोलला.

काम सुटल्यावर आम्ही दोघेही गावी, फालेतोआला, परतलो. फिलीगा आपल्या बिनभिंतीच्या घरात समुद्राकडे तोंड करून बसायचा आणि सुंभ वळायचा. नारळाची सोडणं चिखलात पुरून कुजवणं, धोपटणं, काथ्या वाळवणं, हे माझं. वळणं त्याचं. मांडीवर तळहाताने काथ्या लाटायचा, तीन पेड करायचा, तिन्हींत सारखा काथ्या, सारखा पीळ. त्याच्या उजव्या मांडीवर एक केस उरला नव्हता. दुकानात नायलॉनची दोरी मिळते. तिला त्याने हात लावला नाही. "घसरते," एवढंच म्हणायचा.

वळता वळता तो भाषणं रचायचा. ती त्याने स्वतः कधी केली नाहीत.

आमच्यात मानकरी दोन तऱ्हेचे, बसणारे आणि बोलणारे. फिलीगा बोलणाऱ्यांतला, पण सगळ्यांत खालच्या पायरीवरचा. गावाच्या पटांगणात पाहुणे आले की बोलणारे मानकरी काठ्या घेऊन उभे राहतात आणि कुणी बोलायचं यावर आधी आपसांत बोलतात. प्रत्येक जण मागतो, मग एकेक जण सोडतो, आणि शेवटी जो उरायचा असतो तोच उरतो. कधी कधी यातच तास जातो. चाळीस वर्षं पहिला सोडणारा फिलीगा. त्याचं वाक्य ठरलेलं होतं. "माझी काठी आखूड आहे, मी बसतो." एवढं बोलून तो गवतावर बसायचा.

शेवटी उरायचा तो लेवाओला. गावातला सगळ्यांत मोठा बोलणाऱ्याचा किताब त्याचा. पुढे तो आमदार झाला, मग रस्ते-पुलांच्या खात्याचा मंत्री. येत्या निवडणुकीनंतर पंतप्रधान तोच, असं लोक म्हणू लागले होते. देशात त्याच्यासारखा बोलणारा नाही, असं रेडिओ सांगायचा. विमानाने येणारे गोरे पाहुणेसुद्धा त्याचं भाषण संपेपर्यंत पाय मोडून बसायचे, आणि त्यांना तर एक शब्द कळत नसे.

त्या भाषणांतला शब्दन् शब्द फिलीगाचा होता.

लेवाओलाचं लहानपणचं नाव पेले. न्यूझीलंडला शिकून आला तेव्हा हिशेबात हुशार होता, पण पटांगणाची भाषा त्याच्या तोंडात नव्हती. चुलता वारला आणि तिसाव्या वर्षी एवढा मोठा किताब त्याच्या गळ्यात पडला. पहिल्याच मयतीला तो उभा राहिला आणि अडकला. कागद काढायची सोय नाही. पटांगणात कागद काढणं म्हणजे लुंगी सोडून उभं राहण्यासारखं. त्या संध्याकाळी तो फिलीगाकडे आला. बायकोनंतर फिलीगाचं घर मुलगी सिनिवा सांभाळते. तिने कोको दिला, तो त्याने प्यायला नाही.

"दादा, मला बोलता येत नाही," तो म्हणाला.

"उचलता येतं का?" फिलीगाने विचारलं.

"काय?"

"ओझं. येतं ना? मग येईल. आधी श्वास घ्यायला शीक."

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी पेले यायचा. फिलीगा सुंभ वळायचा आणि बोलायचा, पेले ऐकायचा आणि तसंच्या तसं म्हणून दाखवायचा. मोजमाप वावेचं होतं, म्हणजे दोन्ही हात पसरून भरेल तेवढ्या सुंभाचं. मयतीचं भाषण एक वाव, शाळा उघडायची तर तीन, चर्चचं पाच. तेवढा सुंभ वळून होईपर्यंत भाषण पाठ व्हायलाच हवं. थांबायचं कुठे, तेही फिलीगा दाखवायचा. ओझ्याच्या शब्दाआधी थांबायचं. धक्क्यावर थांबायचा, तेवढंच.

सिनिवाला हे माहीत होतं आणि मला. मी तिथेच सोडणं धोपटत बसलेला असायचो. आणखी कुणाला नाही.

गेल्या वर्षी पलीकडच्या जिल्ह्यात पाण्याची टाकी उघडायला मंत्री गेला. फिलीगा आणि मीही त्याच्या लोकांत होतो. पाहुण्याने बोलायला लागताना त्या गावच्या मानाच्या घराण्यांची नावं ठरल्या क्रमाने घ्यायची असतात. मंत्र्याने घेतली आणि त्यांतलं एक गाळलं. त्या घराण्यातला म्हातारा उठून समुद्राकडे तोंड करून बसला. भाषणात पुढे होडीची गोष्ट होती, ती दोनदा आली. दुसऱ्या दिवशी मंत्र्याने त्या म्हाताऱ्याच्या दारी तीन डुकरं आणि डबाबंद मासळीची वीस खोकी पाठवली, आणि आमच्यात माफी मागतात तसा स्वतः चटई डोक्यावर घेऊन उन्हात बसला. म्हाताऱ्याने क्षमा केली. फोनवर चित्रण करणाऱ्यांनी केली नाही.

शहरातला एक तरुण वकील विरोधी पक्षाकडून आमच्या भागात उभा राहणार होता. त्याने ते चित्रण सगळीकडे फिरवलं. नाव गाळल्याचं आणि गोष्ट दोनदा आल्याचं होतंच. पण लोकांना आवडलं ते तिसरंच. मंत्री एका ठिकाणी बोलता बोलता थांबला होता.

"अकरा सेकंद," आमचा बस चालवणारा पाउलो म्हणाला. "माझ्या मेहुण्याने ऑकलंडहून पाठवलंय. खाली घड्याळ लावलंय त्याने."

"अकरा सेकंद माणूस करतो काय?" अळकुड्या विकणारी तालोसागा म्हणाली. "माझ्या दिराला असंच झालं होतं. आधी नुसता थांबायचा. मग एका रविवारी चपला काखेत मारून चर्चला आला."

"तो तर आधीपासूनच तसा होता."

"म्हणून तर कुणाला कळलं नाही."

मागच्या बाकावरून कुणी म्हणालं, "साखर असेल. साखरेने डोक्यात पाणी होतं."

"साखर कसली. रस्त्यासाठी त्याने त्या म्हातारीचं थडगं हलवलं ना, तिच्या भुताने धरलंय त्याला. पावलं बघ त्याची. बाईसारखी टाकतो."

"गुडघा दुखतो त्याचा."

"गुडघ्यातूनच शिरतात."

ज्या रस्त्यावरून आम्ही जात होतो तो त्याच थडग्याजवळचा. पाच वर्षं झाली, त्यावर खड्डा नाही. त्याबद्दल बसमध्ये कुणी बोललं नाही.

रेडिओवर एक डॉक्टर आला. त्याने मंत्र्याला तपासलं नव्हतं, हे त्याने आधीच सांगितलं आणि मग पाऊण तास तपासलं. सिडनीहून एका बाईने फोन केला. मंत्र्याचा डावा डोळा उजव्यापेक्षा उशिरा मिटतो, असं तिचं म्हणणं. पाद्रीबुवांनी रविवारी त्याच्यासाठी प्रार्थना केली. तेव्हा मंत्री धडधाकट तिसऱ्या रांगेत बसला होता. वकील म्हणाला, आपला आकस नाही, फक्त साहेबांनी एक साधी चाचणी द्यावी, घड्याळाचं चित्र काढावं, शंभरातून सात-सात वजा करावेत. दोन दिवसांनी आमच्या बसमध्ये सगळे शंभरातून सात वजा करत होते. एकोणऐंशीच्या पुढे कुणी गेलं नाही. पाउलो तर त्र्याण्णवालाच थांबला आणि म्हणाला की तो बस चालवतोय.

पूर्वी याच थांबण्याला लोक मान डोलवायचे. तो थांबला की बायका पंखा हलवायच्या थांबत. शब्द वजनाचा येणार हे कळायचं. थांबणं तेवढंच होतं. मी चाळीस वर्षं ते ऐकलंय, धक्क्यावरही आणि पटांगणातही. बदललं होतं ते घड्याळ. आधी कुणी लावलं नव्हतं.

मंत्र्याचा नातलग म्हणून लोक फिलीगालाही विचारायचे.

"काय हो काका, साहेबांचं डोकं कसं आहे?"

"थांबतो कारण उचलायचं असतं," फिलीगा सांगायचा.

विचारणारा मान हलवून जायचा. याने काही सांगितलं नाही म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असं पुढे सांगायचा.

गळालेल्या नावाचं मात्र मला कोडं होतं. नाव गाळणारा पेले नव्हे. त्याला ऐकलेलं एकदा बसलं की निघत नसे.

उत्तर मला सुंभात सापडलं. फिलीगाचा सुंभ मी गुंडाळी करून ठेवायचो. एका सोमवारी तो हातातून सरकवताना बोटाला लागला. एक पेड जाड, दोन बारीक. पुढे हातभर ठीक. मग पीळ उलटा. एके ठिकाणी तर दोनच पेड होते, तिसरा तसाच लोंबत सोडलेला, आणि दीड वितीने पुन्हा धरलेला. फिलीगाच्या हातून असं काम मी कधी पाहिलं नव्हतं. चुकलं तर तो उसवायचा. हे त्याने उसवलं नव्हतं, म्हणजे त्याला दिसलं नव्हतं. मी आधीच्या गुंडाळ्या काढल्या. चार महिन्यांपूर्वीपर्यंतच्या साफ होत्या. टाकीच्या भाषणाच्या शनिवारची काढली. तिच्यात एक जागा दोनदा वळलेली होती, वेणीवर वेणी.

होडीची गोष्ट दोनदा आली होती ती तिथे.

त्या शनिवारी मंत्री आला तेव्हा मी त्याला रस्त्यातच गाठलं. सुंभ त्याच्या हातात दिला. त्याने तो बघितला नाही, नुसता अंगठ्याने चाचपला.

"माहीत आहे," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"तुझ्याआधी. मी म्हणून दाखवतो ना. तोंडाला आधी लागतं."

"मग ते नाव का गाळलंत? तुम्हाला तर सगळ्या जिल्ह्यांची पाठ आहेत."

"दादा माझ्यामागे बसला होता. मी ते घेतलं असतं तर त्याला कळलं असतं की त्याने दिलं नव्हतं."

"आणि त्यासाठी उन्हात चटई घेऊन बसलात."

"दोन तास. धक्क्यावर तुम्ही यापेक्षा जास्त बसलात."

"आम्ही बसलो नाही," मी म्हणालो. "आम्ही उभे होतो."

तो हसला. रोजच्या बोलण्यात त्याला चार वाक्यं सलग येत नसत. नळ, नाल्या, खडी यावर येत. बाकी त्याचं बोलणं हे असंच.

मी स्पष्टच सांगितलं. "लोक तुम्हाला वेडा ठरवतायत. पुढच्या महिन्यात आपल्या गावचं सभागृह उघडायचंय, सगळा जिल्हा येणार, तो वकील येणार. एक नाव चुकलं तर तुमचं संपलं. शहरात लिहून देणारे खूप आहेत. दुसऱ्याकडून घ्या. नाहीतर सांगून टाका की डोकं तुमचं नाही, म्हाताऱ्याचं गेलंय."

"सांगितलं तर मी सुटेन."

"हो."

"आणि दादा शनिवारी काय करील?"

तो पुढे चालू लागला. गुडघा दुखत होता, तरी पाऊल सरळ टाकत होता. बाईसारखं वगैरे काही नव्हतं.

त्या दुपारी फिलीगा काथ्या लाटत होता. मंत्री समोर बसला. फिलीगाने काथ्या लाटता लाटता मान वर केली.

"पेले, तू हल्ली नावं विसरतोस," तो म्हणाला.

माझ्या हातातली मोगरी तशीच राहिली.

"हो दादा," मंत्री म्हणाला.

"रेडिओवर सगळे तेच सांगतायत. मी तुला नाव दिलं होतं. तू गाळलंस."

"सुटलं, दादा."

"होडीची गोष्ट दोनदा सांगितलीस."

"सांगितली."

"एवढी घाण मी चाळीस वर्षांत केली नाही." फिलीगाने सुंभ गुडघ्यावर ओढून बघितला. त्यात मला बसल्या जागेवरून दोन चुका दिसत होत्या. "डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवतो."

"झोप येते का नीट? नीरफणस रात्री खाऊ नकोस. जड असतो. बरं, ऐक आता. सभागृह आहे, पाच वाव लागेल. हळू घेतो, तुला झेपेल असं."

मंत्र्याने मांडी घातली आणि ऐकलं. सिनिवा कोको घेऊन आली होती, ती तशीच मागे फिरली.

पाच शनिवार लागले. पूर्वी दोन लागले असते. भाषण चांगलं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. सुरुवात तर त्याने आयुष्यात रचलेली सगळ्यांत चांगली. सभागृहाच्या तुळया झाडं होत्या तेव्हापासून तो निघाला होता. पण नावांच्या जागी येऊन दर वेळी वेगळी भोकं पडत. मंत्री दर वेळी भोकांसकट म्हणून दाखवायचा.

उद्घाटनाच्या सकाळी मी फिलीगाला न्यायला गेलो. त्याने खोबरेल लावून काठी चकचकीत केली होती. काथ्याची चवरी खांद्यावर टाकली. ती त्याच्याच हातची, तीस वर्षांपूर्वीची. एक धागा हललेला नव्हता.

"एतुआले," तो मला म्हणाला, "पेलेला आज जमायचं नाही."

"जमेल."

"तुला काय कळतंय. तू सोडणं धोपटतोस. मी शब्द देतो आणि त्याच्या हातात ते राहत नाहीत. एवढ्या लोकांसमोर पडेल तो." काठी टेकवून तो उठला. "या वेळी माझी काठी आखूड नाही."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. मला वाटलं, म्हातारा काहीतरी बरळतोय.

पटांगण भरलं होतं. पाहुण्यांचे मानकरी एका बाजूला सावलीत, आमचे चार बोलणारे उन्हात उभे. वकील पाहुण्यांच्या मागे, त्याच्या चार माणसांच्या हातांत चार फोन, सगळे मंत्र्याकडे रोखलेले. मागणी सुरू झाली. दोघांनी मागितलं, शोभेल एवढा वेळ ताणलं आणि सोडलं. एरवी पहिला सोडणारा फिलीगा या वेळी मागे राहिला होता, आता त्याची पाळी. लोक त्याचं वाक्य ओठांवर घेऊनच बसले होते.

"मी बोलेन," फिलीगा म्हणाला.

पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्याने कानामागे हात धरला.

आता मंत्र्याने मागायचं होतं. मागितलं असतं तर मिळालंच असतं, पायरीच तशी. दोन वाक्यं लागली असती. खालच्या पायरीच्या मानकऱ्याने पटांगणात अडवलं आणि मोठ्या किताबाचा मालक गप्प बसला, असं आमच्याकडे घडत नाही. गप्प बसला तर तो गेला, हे वकिलालाही कळत होतं. तो फोनवाल्यांना हाताने पुढे सरका म्हणत होता.

मंत्री थांबला. श्वास भरला. मी मनात मोजलं. अकरा.

"माझी काठी आखूड आहे," तो म्हणाला. "मी बसतो."

आणि गवतावर, फिलीगाच्या उजव्या टाचेजवळ बसला. काठी मांडीवर आडवी ठेवली, मान खाली घातली.

फिलीगा बोलला. सत्तर पावसाळे पाहिलेले लोक नंतर म्हणाले, असं भाषण ऐकलं नव्हतं. तुळया झाडं होत्या तिथून निघाला, झाडं तोडणाऱ्यांवर आला, वाहून आणणाऱ्यांवर आला. वाहून आणणाऱ्यांवर जरा जास्त बोलला. ओझ्याच्या शब्दाआधी थांबला. त्याचं थांबणं कुणी मोजलं नाही. त्याच्याकडे रोखलेले फोन नव्हतेच.

मग तो नावांवर आला. तीन घेतली आणि गप्प झाला.

हे थांबणं वेगळं होतं. यात श्वास नव्हता. मी माझ्या जागेवर बसून होतो, मला नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तरी माझा आवाज पोचला नसता.

मंत्र्याचे ओठ हलले. मान खालीच. फिलीगाने पुढचं नाव घेतलं. आणखी दोन घेतली, पुन्हा भोक, पुन्हा ओठ हलले. असं चार वेळा झालं. फिलीगाने एकदाही खाली बघितलं नाही. त्याला ते ऐकू येत होतं की आठवतंय असं वाटत होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. सगळ्या जिल्ह्याची सगळी नावं, क्रमाने, एकही न गळता झाली. चवरी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर टाकून तो बसला. पाहुण्यांनी त्याला बारीक विणीची, मानाची चटई दिली, मोठ्या बोलणाऱ्याला देतात तशी.

दुसऱ्या दिवशी चारही फोनांतलं चित्रण देशभर गेलं. त्यात मंत्री जमिनीवर बसलेला, मान खाली, आणि स्वतःशीच पुटपुटतोय.

"बघ," पाउलो म्हणाला. त्याने त्यासाठी बस कडेला घेतली होती. "एकटाच बोलतोय. काय बोलतोय कळत नाही."

"माझा दीर असंच बोलायचा," तालोसागा म्हणाली. "कोंबड्यांशी."

"आणि त्या फिलीगाकाकाला बघ. पंच्याऐंशीचा आहे. डोकं कसं तल्लख."

"धक्क्यावर काम केलंय त्याने. बसून खाल्लं नाही."

एवढं मात्र खरं होतं.

रेडिओवरच्या डॉक्टरने पुटपुटण्याला एक लांब नाव दिलं. पक्षाची माणसं दोन गाड्या घेऊन मंत्र्याकडे आली. आठवड्याभरात प्रकृतीच्या कारणाने त्याने पद सोडलं, निवडणूकही सोडली. कोणती प्रकृती, ते त्या कागदावर लिहिलेलं नव्हतं. वकील निवडून आला. तो फोनमध्ये बघून बोलतो, अजिबात थांबत नाही, एका दमात सगळं. लोकांना ते तरुणपणाचं वाटतं. त्याच्याकडे रस्त्यांचं खातं नाही, त्यामुळे खड्ड्यांबद्दल त्याला बोलता येत नाही. खड्डे पडायला लागलेत.

फिलीगाकडे आता लांबून लोक भाषण मागायला येतात. सिनिवा सांगते की वडील थकलेत. ते खोटं नाही.

पेले अजून दर शनिवारी येतो. आता त्याला कुठे जायचं नसतं. फिलीगा त्याला लग्नाची, मयतीची, कधी उघडून पंधरा वर्षं झालेल्या शाळेची भाषणं देतो. पेले म्हणून दाखवतो. भोकं आली की हल्ली तो ती भरतो. फिलीगाला आता ती आपणच दिलेली वाटतात, त्यामुळे भरायला हरकत नाही. फिलीगा मान हलवतो.

"आज बरं जमलं," असं म्हणतो. पेले बाहेर गेला की मला सांगतो, "बिचाऱ्याचं डोकं गेलंय. बरं झालं, त्या दिवशी मी होतो."

"बरं झालं," मी म्हणतो.

दोन महिन्यांपूर्वी फिलीगाने पेलेच्या मांडीवर काथ्या टाकला. हाताला काम असलं की डोकं टिकतं, असं त्याचं म्हणणं. पेलेच्या मांडीवरचे केस ओढले जातात, तो तोंड वाकडं करतो, पण वाव पुरी केल्याशिवाय उठत नाही. काम वाईट आहे. पीळ सैल, पेड विषम. फिलीगाचंही आता तसंच. सोमवारी मी गुंडाळी उलगडून बसतो आणि दोघांचं सगळं उसवतो. काथ्या तुटत नाही. ओला करून, झटकून, वाळवून मी तोच पुन्हा शनिवारी त्यांच्यापुढे ठेवतो.